मेल्या म्हणायचं नाही

आमच्या आत्याला कुणी भांडकुदळ म्हटलं तर माझं डोकंच फिरतं. ती भांडत नाही हो, तिचं प्रेमच तसं आहे. ती कुणाला "मेल्या" म्हणाली की समजायचं, माणूस घरातला झाला. आतोबा गेल्यापासून एकटी असते, आणि तिची सगळी बडबड कुंडीतल्या झाडांच्या ऑनलाइन मंचावर चालते. बाल्कनीत खुर्ची, मांडीवर टॅब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, की बाई सुरू.

मंच काढला एका दातांच्या डॉक्टरांनी. कुणाची कमेंट ठेवायची, कुणाला हाकलायचं, हे मी बघते. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात असते. गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेमा बदलत बसलं की मी काउंटरखाली फोनवर नजर टाकते.

मागच्या महिन्यात एक हिशेबनीस नवा सभासद झाला. विचारतो, जास्वंदीची पानं पिवळी का पडतात? आत्याने लिहिलं, "मेल्या, पाणी किती ओततोस! झाड आहे की म्हैस?" झालं. त्याची तक्रार आली: एका अनोळखी बाईंनी मला मृत घोषित केले आहे.

मी समजूत घालणार, तोवर डॉक्टरांना उत्साह आला. मेला, मेली, मेलं, मेल्या, सगळं खानदान त्यांनी बंदीच्या यादीत टाकलं. शब्द दिसला की आपोआप ताकीद, तीन ताकिदी झाल्या की खातं बंद. अहो, दाढ उपटताना तरी आधी हलवून बघता ना! झाडांच्या मंचावर "मेलं" बंद? "माझा गुलाब मेला," ताकीद. "निवडुंगसुद्धा मेला," ताकीद. दुपारपर्यंत लोकांनी वाटा काढल्या. कुणाचा मोगरा देवाघरी गेला, कुणाच्या पुदिन्याने राम म्हटला, एका शिक्षिकेचं नेचं तर "आपल्यात राहिलं नाही". मी इतकी हसले की हातातली फ्रेम पडली.

आत्याला कुठल्या वाटा काढता येतात! ती ताकिदीलाच उत्तर देत बसली, "कोण रे मेल्या तू?" मशीनशी तावातावाने भांडली आणि तिन्ही ताकिदी संपवून बाहेर पडली.

संध्याकाळी डॉक्टरांना फैलावर घेतलं, यादी पुसली, बंद झालेली खाती उघडली आणि आत्याला फोन केला. "झालं गं सुरळीत. ये परत."

"आभारी आहे. तुम्हाला उगाच तसदी."

तुम्हाला! जिने मला न्हाऊमाखू घातलं, ती बाई मला तुम्ही म्हणाली. "आत्या, अगं, ती मशीनची चूक होती."

"नियम तो नियम. आम्हाला चारचौघांत बोलायची रीत नाही. आता नीट वागू."

आणि वागली की! "महोदय, पाणी बेताने घालावे." "महोदया, माती तपासून पाहावी." लोकांना सल्ला मिळतोय की नोटीस, कळेना. मग तेही कमी झालं, आणि एक दिवस काहीच नाही. मी घाबरले. मंचही सुटला तर ही बोलणार कुणाशी, भिंतींशी? मी फोन केला की "बरं आहे" म्हणून ठेवून द्यायची.

अशात हिशेबनिसाची दुसरी तक्रार आली. मी कपाळाला हात लावून उघडली.

"त्या बाई मला हल्ली महोदय म्हणतात. त्या ओरडल्या म्हणून मी पाणी कमी केलं, झाडाला कळ्या आल्या. हे त्यांना सांगायचं होतं, पण आता बोलायला भीती वाटते. माझं काही चुकलं असेल तर त्यांनी सरळ झापावं. मला झापणारं दुसरं कुणी नाही."

मी ती जशीच्या तशी आत्याला पाठवली. लगेच फोन वाजला. समोरचं गिऱ्हाईक एका डोळ्यावर हात ठेवून अक्षरं वाचत होतं, वाचू दे म्हटलं.

"काय मेला वेडा आहे," आत्या नाक ओढत म्हणाली. "सांग त्याला, आता खत घाल म्हणावं. नको, मीच सांगते." मग माझ्याकडे वळली. "आणि तू गं? इतके दिवस घरी फिरकली नाहीस. माझ्यावर रुसलीस होय?"

मी रुसले! वा गं वा! काहीतरी फाडकन बोलणार होते, पण रडूच फुटलं, गिऱ्हाईकासमोर.