काळ्या कथलाची घंटा

मी एक घंटा आहे, पण कृपा करून मला वाजवून पाहू नका. रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा माझा आवाज येतो, आणि त्याची मला फार लाज वाटते.

तंजावरचं राज्य खालसा झालं, तशी कुंभकोणमच्या आमच्या विठ्ठल मठाला राजवाड्यातून येणारी मदत थांबली. पुढे मठाची जुनी घंटा तडकली, तेव्हा गल्लीतल्या मराठी घरांनी आपापली भांडी देऊ केली. स्वामीमलैच्या महालिंग ओताऱ्यानं मठाच्या अंगणातच भट्टी मांडली. तो म्हणाला, "चार वाटे तांबं, एक वाटा कथील. त्याचं कासं होतं, आणि कासंच गातं. पितळ आणू नका, त्यात जस्त असतं. शिसं तर मुळीच नको, त्यानं आवाज मरतो."

तांबं पुष्कळ जमलं. कथील कमी पडलं. तेव्हा गल्लीतल्या गोमतीबाई सार करायचं मोठं भांडं घेऊन आल्या.

"माझे आईनं दिल्हेलं. अस्सल कथील!" साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या.

महालिंगानं काठ वाकवून पाहिला. कथील वाकताना करकरतं. हे भांडं गप्पच राहिलं. त्यात निम्मं शिसं होतं! त्यानं मान वर केली, गोमतीबाईंचा फुललेला चेहरा पाहिला, आणि काही न बोलता भांडं मुशीत सोडलं.

अशी मी जन्मले. पहिला टोल पडला आणि आरतीला जमलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी हसलंसुद्धा.

मठाचे पंच शामसुंदरराव कडाडले, "काय घातलंस यात?"

"शिसं मिसळलं," महालिंग म्हणाला. "माझी पारख चुकली."

"चुकली? आमचं तांबं लांबवलंस आणि शिसं भरलंस!"

तो खाली मान घालून उभा राहिला. मी काय करणार? माझा एकेक टोल त्याच्याविरुद्धच साक्ष देत होता.

इतक्यात गोमतीबाई बायकांमधून पुढे आल्या. "ते भांडं घासतां रोज हात काळे होत. मज वाटे, चुलीची काजळी. शिसं माझं होतं." मग ओताऱ्याकडे वळून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

महालिंग आपली हत्यारं गोळा करू लागला. शामसुंदररावांनी उगीच पागोटं सावरलं आणि ते भट्टीतल्या राखेकडे पाहत राहिले.

मठात आता दुसरी घंटा आहे. मला बैलगाडीतून स्वामीमलैला, महालिंगाच्या कारखान्यात आणलंय. शिसं मिसळलेलं कासं साच्यात छान उतरतं म्हणे. माझ्या समया होणार आहेत.

आज माझ्यावर घण पडेल. त्याचं मला दुःख नाही. पण गोमतीबाई सकाळपासून बाहेर उन्हात उभ्या आहेत, उंबऱ्याच्या आत यायला त्यांचा पाय उचलत नाही. महालिंगा, घण जरा खाली ठेव. आधी त्यांना सावलीत बोलाव.