मशीनच्या पोटातल्या तारखा

घर विकायला काढलं तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाने जुनी कागदपत्रं चाळली आणि त्यात बाबांच्या नावावरचा अकरा वर्षांपूर्वीचा कोर्टाचा निकाल निघाला. कपडे शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाकडून बाबांनी दुकानासाठी उचललेले ऐंशी हजार, त्यावर शेकडा सहा व्याज, वसुली झाल्याची नोंद नाही. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, निकाल मात्र जिवंत होता. तो मिटल्याशिवाय घराचा व्यवहार होणार नव्हता.

आईचे गुडघे तिसऱ्या मजल्याला कंटाळले होते. दीड महिना ती खाली उतरली नव्हती. तळमजल्यावरची एक जागा आम्ही पाहून ठेवली होती, पण तिचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. हातात एकोणीस दिवस होते.

"एक लाख बत्तीस हजार आठशे," धाकट्या भावाने मोबाइलवर हिशोब केला. "ताई, वकील म्हणतात असली जुनी प्रकरणं तीस टक्क्यांत मिटतात. आपण वीसपासून सुरू करायचं. आणि तू तोंड उघडायचं नाहीस. तू खरं बोलून बसतेस."

मला दुसरंच कोडं पडलं होतं. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. विजेचं बिल यायच्या आधी त्याचे पैसे बाजूला काढणारा माणूस. निकाल लागल्यावर त्यांनी काहीच भरलं नाही? आणि समोरच्यानेही अकरा वर्षांत जप्ती आणली नाही, साधी नोटीस पाठवली नाही? मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. जिथे काही घडायला हवं आणि घडत नाही, तिथे आम्ही आधी थांबून बघतो.

आईला विचारलं.

"त्या कारखान्याचं नावसुद्धा काढू नकोस," ती म्हणाली. "दर सोमवारी जायचे. संध्याकाळी हात काळे, खिसा रिकामा. विचारलं की म्हणायचे, चालतंय. पाच वर्षं फुकट हमाली केली त्या श्रीमंताची."

"फुकट? नक्की?"

"अगं, घर मी चालवत होते ना!"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कारखान्यात गेले. धाकट्याला सांगितलं नाही.

कारखाना आता मालकांची मुलगी चालवत होती. माझ्याच वयाची, गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडू. तिच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. ते सहा वर्षांपूर्वी गेले होते.

"निकाल आमच्या फायलीत आहे," ती म्हणाली. "मिटवल्याचा कागद नाही. पावती दाखवा, आत्ता विषय संपवते."

"पावती नाही. पण बाबा दर सोमवारी इथे यायचे."

"यायचे की. डबा घेऊन यायचे. पण पगाराच्या वहीत त्यांचं नाव नाही."

"पैसे न घेता पाच वर्षं? अण्णा फुकट काम करून घ्यायचे का?"

"छे हो! अण्णांनी फुकटात कुणाकडून सुईसुद्धा ओवून घेतली नसती," ती म्हणाली आणि पगाराची वही पुन्हा उघडून बघितली.

मी तिला एखादं जुनं मशीन दाखवायला सांगितलं. बाबांची एक सवय मला माहीत होती. मशीन दुरुस्त झालं की खालच्या अंगाला पांढऱ्या रंगाने तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या वेळी मागचं काम कधी झालं ते कळतं. तिने भिंतीकडच्या मशीनचं बटण बंद केलं आणि डोकं मागे कलंडवलं. मी फडक्याने तेल पुसलं. एकाखाली एक सात तारखा होत्या. मी त्या मोबाइलच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. सातही सोमवार.

"दहा वर्षं या मशीनवर हात आहे माझा," ती वाकून बघत म्हणाली. "पोट कधी बघितलं नव्हतं."

पुढचे दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकोणतीस मशीनं पालथी केली. ती वाचायची, मी लिहायची. एकशे सत्त्याऐंशी तारखा मिळाल्या. पहिली निकालानंतरच्या सोमवारची, शेवटची अण्णा गेले त्याच्या आदल्या सोमवारची. एकही तारीख दोन मशीनांवर नव्हती. सोमवारी एकच मशीन, असा दोघांत काही ठराव असावा. बाबांच्या नंतर जो कारागीर यायला लागला तो एका मशीनचे तीनशे घेई. त्याची बिलं फायलीत होती, म्हणून मी तोच दर धरला. रविवारी बसून प्रत्येक तारखेला मुद्दल तीनशेने कमी करत आणि उरलेल्यावर व्याज लावत मी आकडा काढला.

सोमवारी तो तिच्यासमोर ठेवला. अठ्ठेचाळीस हजार एकोणनव्वद.

तिने आकड्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही देणार?"

"एवढं निघतं."

"अहो, असा भाव कुणी करतं का? तुम्ही वीस म्हणायचं, मी नव्वद म्हणायचं, मग चहा मागवायचा. तुम्ही तर थेट शेवटच्या पायरीवर येऊन बसलात."

"मोजलं तेवढं सांगितलं."

"बरं, मग तुमच्या बाजूनेही मीच बोलते." तिने कानामागचा खडू काढला. "बारा मशीनं मी विकलीत. त्यांच्या तारखा कुठायत?"

"ती मी बघितलेली नाहीत. कशी धरू?"

"रिकामे सोमवार किती?"

ते मी काढून ठेवले होते. पाच वर्षांत दोनशे साठ सोमवार, त्यातले त्र्याहत्तर रिकामे.

तिने टेबलावरच आकडे मांडले. सगळे सोमवार भरले असते तर अठ्ठ्याहत्तर हजार फिटले होते. अण्णा गेले तेव्हा सातेक सोमवार उरले होते. त्यानंतर बाबांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आणि व्याज?" मी विचारलं.

"अण्णांना व्याज हवं असतं तर दोन महिन्यांत जप्ती आली असती तुमच्याकडे. पण सगळेच सोमवार भरले असंही मी धरणार नाही. आजारपण असतं, सुट्ट्या असतात. दहा हजार द्या."

"दहा कुठून आले?"

"कुठून म्हणजे? कुठूनही आले नाहीत. व्यवहार आहे हा, ताई!"

मला ते पटायला बराच वेळ लागला. मग मी हो म्हटलं आणि तिने चहा मागवला.

कोर्टात आम्ही दोघी गेलो. कारकुनाला सगळं सांगून मी सात पानांचा तक्ता दिला. त्याने तो न उघडता परत केला.

"घेणेकऱ्याने लिहून द्यायचं, वसुली पूर्ण. तुमच्यात काय ठरलं ते आम्हाला नको." मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "त्या दोघांनी तेव्हाच येऊन सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं."

"त्यांना वाटलं असेल, त्यांचं त्यांच्यात मिटलं की मिटलं," ती म्हणाली. सही करून झाल्यावर तिने माझ्या हातातला तक्ता मागितला. कुठलं मशीन सारखं बिघडतं ते त्यात कळणार होतं.

शेरा मारलेली प्रत मुदतीच्या दोन दिवस आधी मिळाली. धाकट्याने ती तीनदा वाचली आणि दहा हजारांचं विचारलं नाही. मी आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने दोनदा थांबवून सोमवार किती ते विचारलं.

"मग मला सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"ते नाही कळलं," मी म्हटलं.

तिने चष्मा लावला, विक्रीचे कागद पुढ्यात ओढले आणि म्हणाली, "कुठे करायची सही, दाखव."