शेवटचं मूल जाईपर्यंत

"टिल्लीच्या हाताला फोन नंबराची पट्टी बांधणार आहेस ना? मग तसलीच एक बाबांच्याही हाताला बांध," माझ्या नणंदबाई म्हणाल्या. सुट्टीत फिरायला जायचं होतं, त्या शहराचा नकाशा जमिनीवर पसरला होता. त्यावर ठाण मांडून बसलेल्या टिल्लीला सरकवत मी मत्स्यालय शोधत होते.

"ताई, ते काय कुक्कुलं बाळ आहेत? वाईट वाटेल त्यांना."

"वाटू दे. परवा माझ्या घरी आले आणि मलाच विचारलं, तुमची मुलगी कुठल्या वर्गात आहे?"

"गंमत करतात हो ते."



बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर एका शाळेच्या फाटकावर राखणदार. शाळा सुटली की प्रत्येक मूल ज्याचं त्याच्या हाती द्यायचं, एवढंच काम. फाटकाशी स्टूल होतं, पण शेवटचं मूल घरी जाईपर्यंत ते त्यावर टेकत नसत. एकदा एका मुलाला न्यायला अनोळखी काका आला, तर आई येईपर्यंत त्याला यांनी ताटकळत ठेवलं. काका ओरडला, हेडमास्तर ओरडले. हे आपले पोराचा हात धरून ढिम्म उभे. अलीकडे मात्र चहा घेतला की नाही, हेही त्यांना आठवत नसे.

टिल्ली चार वर्षांची. हात सुटला की भुर्र. त्या गर्दीच्या शहरात जायचं ठरल्यापासून ती हरवेल, ही एकच चिंता मला होती. म्हणून मी खुणेचा शब्द काढला. टिल्लीचा हात ज्याच्या हातात असेल, त्याने शब्द ऐकल्याशिवाय तो कुणाकडे द्यायचा नाही. शब्द टिल्लीनेच निवडला: गोगलगाय.

रोज संध्याकाळी घरातच तालीम चाले. टिल्लीचा हात बाबांच्या हातात, आणि माझा नवरा अनोळखी माणूस.

"चल बाळ, तुझ्या आईने बोलावलंय," तो आवाज घोगरा करून म्हणे.

"शब्द सांगा," बाबा म्हणत.

"अहो, मी तिचा बाप!"

"असाल. शब्द सांगा."

"बाबा, सोडा की आता, जेवायचंय मला."

"मग शब्द सांगा नि जेवा."

टिल्ली खिदळून लोळायची. बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कामावरच्या माणसाचं तेज आलं होतं. "बघ, सगळं विसरतील पण हे नाही विसरत," नवरा म्हणाला. मलाही हायसं वाटलं.

मत्स्यालयात खूप जिने होते. बाबांचे गुडघे दुखायला लागले. "तुम्ही इथे बाकावर बसा, आम्ही आलोच," असं सांगून आम्ही वर गेलो. बाहेर पडायच्या दारासमोरच तो बाक होता. आतला माशांचा खेळ सुटला की दारातून मुलांचा लोंढा बाहेर यायचा. शाळा सुटावी तसा.

आम्ही खाली आलो तेव्हा बाक रिकामा होता आणि दारापाशी कोंडाळं झालं होतं. काय घडलं, ते नंतर तिथल्या रखवालदाराने सांगितलं. पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी रडत एकटी उभी होती. बाबांनी जाऊन तिचा हात धरला. तिची आई धावत आली.

"अहो, सोडा तिला! माझी मुलगी आहे!"

"शब्द सांगा."

"कसला शब्द?"

"शब्द नसेल तर मूल मिळणार नाही. उद्या वर्गात येऊन बाईंना भेटा."

ती बाई किंचाळली. पुढचं लोकांनी केलं.

गर्दीत घुसलो तेव्हा मला बाबांची पाठ दिसली. ते वाकून त्या मुलीला आडोसा करून उभे होते. पाठीवर, मानेवर, डोक्यात बुक्के बसत होते. चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली गेला. एक माणूस त्यांची बोटं एकेक करून उलटी वाकवत होता. तरी हात सुटत नव्हता.

"सोडा, ते माझे वडील आहेत!" नवरा ओरडला, पण ऐकतंय कोण. टिल्ली त्याच्या खांद्यावर होती. तिने वरून सगळं पाहिलं आणि जीव खाऊन ओरडली, "गोगलगाय!"

बाबांचा हात तत्क्षणी उघडला.

"हां," ते म्हणाले. ओठ फुटला होता. "न्या आता."

त्या आईने मुलीला ओढून घेतलं. त्यानंतरही गर्दीतल्या दोघांनी बाबांना मारून घेतलं. मधे मुलगी होती, तोवर त्यांना नीट मारता आलं नव्हतं.

रखवालदाराने बाबांना बाकावर बसवलं आणि टिल्लीच्या मनगटाकडे पाहिलं. "पोरीला पट्टी बांधलीत की," तो म्हणाला. "म्हाताऱ्यालाही एक बांधायची."

कुणीतरी फोनवर ते सगळं टिपलं होतं. आम्ही घरी पोचायच्या आत ते आमच्या इमारतीत पोचलं. शेजारच्या काकू गोड आवाजात म्हणाल्या, "आमचा विश्वास आहे हो, पण खाली मुलं खेळतात ना." टिल्लीच्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. आता टिल्ली पाळणाघरात, आम्ही दोघं कामावर, आणि जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप.

टिल्लीने हात पुढे केला, की बाबा आपले दोन्ही हात पाठीमागे नेतात. वाकडी झालेली बोटं दुसऱ्या हाताने झाकून घेतात.

बाजूच्या घरातली नर्सताई सांगते, की शाळा सुटायच्या वेळेला ते कुलपाआड येऊन उभे राहतात. आम्ही परत येईपर्यंत तसेच. पाय सुजतात. आत खुर्ची ठेवलीय, तिच्यावर टेकत नाहीत. कामावरून फोन केला तर उचलत नाहीत, कारण फाटक सोडून जायचं नसतं.

तुमच्यापैकी कुणी दुपारी आमच्या बाजूने जाणार असाल, तर एवढं कराल? तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोरचं दार आमचं. बाहेर एक छोटी लाल चप्पल असते. बेल वाजवा. ते आतून विचारतील, तेव्हा शब्द सांगा. आणि मग सांगा, की शेवटचं मूलही घरी गेलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, की निघा.