हिरामणच्या डाव्या कुल्ल्यातून

मित्रांनो, हसू नका. हिरामण रिक्षावाल्याच्या डाव्या कुल्ल्यात राहणारा मी एक जुना स्नायू आहे, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. का नाही, ते ऐका.

डॉक्टर मला पिरिफॉर्मिस म्हणतात. कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडापासून मी निघतो आणि निमुळता होत मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चिकटतो. कुल्ल्याचा मोठा स्नायू माझ्यावर पांघरुणासारखा पसरलेला, म्हणून मी कुणाला दिसत नाही. मांडी बाहेरच्या बाजूला वळवायचं काम माझं. माझ्या अगदी खालून पायाची मोठी नस जाते, एखाद्याच्या तर ती माझ्या पोटातूनच जाते. मी आखडलो की ती चेंगरते आणि कळ थेट पोटरीपर्यंत पोचते.

कित्येक वर्षं दुसऱ्याची गाडी चालवून हिरामणने नव्वद साली स्वतःची रिक्षा घेतली. बदलापूर स्टेशन ते सोनिवली, शेअरची. मागे तिघं, आणि "दादा, जरा सरका ना" म्हणणारा चौथा पुढे, हिरामणच्याच सीटवर. हिरामण सरकायचा. उजवा कुल्ला हवेत, सगळा भार डाव्यावर, म्हणजे माझ्यावर! खड्डा आला की माझा जीव जायचा. शेवटी मी आखडलो आणि हिरामणचा पाय फरफटू लागला.

मग ज्याला त्याला संशय. बायको सगुणाबाई दारातच त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.

"खरं सांगा, पिऊन आलात ना?"

"शप्पथ, नाय गं!" तो कळवळून म्हणायचा. पण चालायचा झोकांड्या खात, मग कोण विश्वास ठेवणार?

हिरामणला वाटे, शेजारच्या चंदरने नव्या गाडीला नजर लावली. त्याने चंदरशी बोलणंच टाकलं. उल्हासनगरच्या एका डॉक्टरांना मणक्याचा संशय आला. फोटोत थोडी झीज दिसली, त्यांनी ऑपरेशन सांगितलं. हाडांच्या फोटोत मी कुठला दिसायला! मी आतून ओरडत होतो, अरे, भलत्याच घरावर धाड घालताय! पण ऐकतो कोण? ऑपरेशनसाठी हिरामणने रिक्षा विकायला काढली. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं.

सगुणाबाईचा मात्र दारूचाच हेका. शनिवारी तिने तोंडावर पदर ओढला आणि नवऱ्याला रंगेहाथ पकडायला त्याच्याच रिक्षात मागे जाऊन बसली. रस्ताभर डोळे वटारून बघत राहिली. ना बाटली, ना गुत्ता. दिसला तो अर्ध्या सीटवर लोंबकळणारा, खड्ड्याखड्ड्याला ओठ चावणारा नवरा. सोनिवलीला उतरली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"असं बसता तुमी? रोज?"

हिरामण दचकलाच. "तू? मागे बसली होतीस?"

"ते राहू द्या. आधी अंबरनाथला चला, तिथं एक चांगल्या डॉक्टरीणबाई हायेत."

बाईंनी फोटो बघून बाजूला ठेवला आणि तो कसा बसतो ते सगुणाबाईकडून ऐकून घेतलं. मग त्याला उजव्या कुशीवर झोपवून डावा गुडघा वाकवला, मांडी आत वळवली आणि कुल्ल्यात खोल बोट दाबलं. बरोबर माझ्यावर! हिरामण किंचाळला. मीही किंचाळलो, पण आनंदाने.

"ऑपरेशनची घाई नको," बाई म्हणाल्या. "शेक घ्या. उताणं पडून डावा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवायचा आणि उजवी मांडी छातीकडे ओढायची, रोज. आणि पुढे माणूस बसवणं बंद."

रिक्षा विकली नाही. हळूहळू मी सैल झालो, पाय फरफटायचा थांबला. हिरामणने चंदरला बोलावून चहा पाजला. पण मी काही निर्धास्त नव्हतो. माणसाची सवय, तिचा काय भरवसा?

एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन सगुणाबाईच स्टँडवर आली. मागे तिघं बसलेले.

"सरका जरा, मी पुढे बसते."

मी जीव मुठीत धरला. बायकोला कोण नाही म्हणतं?

"नाय," हिरामण म्हणाला. "मागच्या गाडीनं ये."

सगळा स्टँड हसला. सगुणाबाईने गाल फुगवले, मग तिलाही हसू फुटलं.

मित्रांनो, दुखणारा माणूस नाटक करतो म्हणण्याआधी तो दिवसभर कसा बसतो ते एकदा बघा. आणि रिक्षात मागे जागा नसेल, तर दुसरीची वाट बघा. "दादा, जरा सरका" तेवढं म्हणू नका. मी अजून कान टवकारून आहे.