ओर्रूचं ताट

"बोहदान येतोय. पोरीचा खेळ दोन ठिकाणी सेव्ह करून ठेव," नवऱ्यानं सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुझा भाऊ काय लहान आहे का?"

ओर्रू म्हणजे आमच्या अंतराळातल्या व्हिडिओ गेममधला चार हातांचा परग्रहवासी सोबती. एका भागात तो मेला, की पुढच्या भागात दिसत नाही. माझ्या सात वर्षांच्या लारिसानं त्याला दोन भाग जिवापाड जपलं होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी गव्हाच्या खिरीत मध ढवळत होते. तेवढ्यात दिरानं लारिसाच्या डोळ्यांदेखत ओर्रूला जळत्या यानात कोंडलं आणि जुन्या सेव्हवरच नवं सेव्ह केलं.

"वहिनी, पोर फार हळवी केलीस. चित्र आहे गं ते."

आम्हा युक्रेनियन लोकांत त्या रात्री घरातल्या गेलेल्या माणसासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. लारिसानं त्यात ओर्रूसाठी खीर वाढली. बोहदाननं ताट ओढून ती खाल्ली.

"त्याला चार हात होते, पण तोंड कुठंय आता?"

सासूबाईही हसल्या.

काल लारिसानं गेम पहिल्यापासून सुरू केला, तेव्हा मला हायसं वाटलं. तिच्या पाठीमागे जाऊन पाहिलं, तर ती ओर्रूला तशाच एका जळत्या यानात कोंडत होती. तो मेला, की आधीच्या सेव्हवर जाऊन पुन्हा कोंडत होती.

"काका म्हणाला, सारखं सारखं केलं की रडू येत नाही."

तुमच्या घरी शेजारच्या खोलीत एखादं मूल फार शांतपणे खेळत असेल, तर आत्ता उठा आणि त्याला पाहून या.