दुसरा ब्रेक

बाबांची गाडी ही गाडी शिकवायची गाडी. तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या, म्हणजे बाबांच्या. शिकणारा भांबावला की बाबा आपला ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, "जीव वाचला. आता आरसा बघा." अशा रीतीने त्यांनी अर्ध्या गावाचे जीव वाचवले होते.

अपघाताच्या दिवशी मात्र गाडी बाबाच चालवत होते. मागे मामा होता आणि मास्तरांच्या सीटवर नऊ वर्षांची भिंगरी. गाडी समोर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये घुसली. भिंगरीच्या कपाळाला तीन टाके पडले, बाबांचा हात मोडला, मामा गेला.

पहिला आठवडा भिंगरीचं नुसतं पोट दुखलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. ते खरंच होतं. ती जेवतच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात विचार आला. दुसरा ब्रेक आपल्या पायाशी होता आणि आपण तो दाबला नाही. विचार एवढासाच, पण आत आला आणि मुक्कामालाच राहिला. तेव्हापासून ती उजवा पाय जमिनीवर दाबून ठेवू लागली. जेवताना, दात घासताना, वर्गात. एका जागी ठरत नाही म्हणून जिचं नाव भिंगरी पडलं, ती खांबासारखी बसू लागली. बाई म्हणाल्या, "सुधारली हो पोरगी." उपाय लागूही पडत होता, कारण शाळा अजून कशावरही धडकली नव्हती. एकदाच, खेळाच्या तासाला, तिने पाय उचलला आणि नेमकी त्याच दिवशी शिपाईकाकांची सायकल पंक्चर झाली. तिने खेळणं सोडलं.

महिनाभरात उजव्या बुटाचा तळ पुढून फाटला.

"एकच बूट कसा फाटतो?" आई म्हणाली. "लंगडी घालत शाळेत जातेस का गं?"

भिंगरी हो म्हणाली. मामा आईचा धाकटा भाऊ. खरं कळल्यावर आई आपल्याला घरात ठेवेल की नाही, याचा तिला अंदाज येत नव्हता.

हात गळ्यात बांधलेले बाबा तिला घेऊन कोपऱ्यावरच्या बूटवाल्याकडे गेले. त्याने बूट उलटा केला आणि हसला.

"मास्तर, तुमचाही अगदी इथेच झिजायचा. पोरगी कुणाला गाडी शिकवते?"

बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. समोर आई भाजी निवडत होती.

"कधीपासून दाबतेयस?"

"मामा गेल्यापासून," भिंगरी म्हणाली. "तेव्हा दाबला नाही ना, म्हणून." आणि आईकडे न बघता तिने विचारलं, "मला आता कुठे पाठवणार?"

बाबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"तो ब्रेक बंद होता, बाळा. तू त्याच्याशी खेळायचीस, म्हणून तू बसणार असलीस की मी त्याची तार काढून ठेवायचो. त्यावर नाचली असतीस तरी गाडी थांबली नसती."

भिंगरीने यावर नीट विचार केला.

"आणि तुझा?"

आईचा हात भाजीत थांबला.

"माझा चालू होता. मामाने जोक मारला. मी मागे वळून हसलो."

"कुठला जोक?" आईने विचारलं.

बाबांनी सांगितला. कुणी हसलं नाही. तसाही तो बेताचाच होता. मामाचे सगळेच जोक बेताचे असत. आई उठली, आत गेली आणि तिने कडी लावली.

भिंगरीने पाय सैल सोडला. काही झालं नाही. भिंती जागच्या जागी होत्या. मग तिने वाकून टेबलाखाली पाहिलं. बाबांचा उजवा पाय जमिनीवर असा दाबलेला होता की पोटरी थरथरत होती.

तिने आपला पाय पुन्हा खाली टेकवला. एवढं घर एकाच ब्रेकवर सोडणं काही बरं नव्हतं.