पडद्याला ऊन दाखवू नका

सावळीरामला सारं जग फिरायचं होतं, आणि त्याचा फोटो स्टुडिओ होता नाशकात, रविवार कारंज्याजवळच्या अशा एका बोळात, जिथं सायकल वळवायची तरी आधी खाली उतरावं लागायचं. देवाच्या मनात काय असतं ते देवालाच ठाऊक. मखमलाबादच्या फुलशेतीत वाढलेला हा माणूस. भावांनी गुलाब सांभाळले, ह्यानं कॅमेरा. चाळिशी उलटली तरी इकडं इगतपुरी आणि तिकडं मनमाड, ह्यापुढं काही गेला नव्हता, आणि इगतपुरीलासुद्धा गेला तो धुकं बघायला. परत येऊन बायकोला म्हणाला, "लता, बर्फाच्या शेजारच्या घरी जाऊन आलो बघ."

"मग शेजाऱ्यांनी चहा दिला का?" लताबाई म्हणाली.

बर्फ हे त्याचं वेड. घरात एकाला वेड असलं की दुसऱ्याला शहाणं व्हावंच लागतं, तशी लताबाई झाली होती. दर उन्हाळ्यात एखाददा तो अंधार असतानाच उठून मनमाडला जायचा. काम काही नाही. जम्मूहून येणारी झेलम एक्सप्रेस सकाळी तिथं थांबते, ती बघायची. डब्याच्या पत्र्याला हात लावून गार लागतोय का ते पाहायचं, फलाटावर भजी खायची आणि परत यायचं. आता मे महिन्यात दोन दिवस उन्हातून आलेल्या गाडीचा पत्रा गार कसा लागेल, हे कळायला काय मोठं शिक्षण लागतं? पण तो प्रत्येक वेळी म्हणायचा, जरासा लागला.

रोज सकाळी स्टुडिओ उघडण्याआधी गोदेकाठी फुलबाजारात एक चक्कर ठरलेली. फुलं घ्यायची नसत, घरचीच होती. शेवंतीच्या ढिगावर पडलेलं कोवळं ऊन, ओल्या पोत्याचा रंग, हिवाळ्यात पाण्यावर तरंगणारी वाफ, हे बघायचं. कॅमेरा खांद्याला असायचा, पण तो क्वचितच डोळ्याला लागायचा, कारण रोल महाग आणि मन फुकट. मनात भरून घेतलेलं सगळं मग स्टुडिओच्या पडद्यावर उतरायचं.

हा पडदा म्हणजे त्याचा जीव. स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर, वरपासून खालपर्यंत, मांजरपाटाचा. त्यावर बर्फाचे डोंगर, देवदार आणि मधून गेलेली एक पायवाट, सगळं त्याच्या हातचं. सुरुवात एका कॅलेंडरवरून झाली, पण पुढचं सारं ऐकून. देवळाली कॅम्पातले जवान घरी पाठवायला फोटो काढायला येत. त्यातला कुणी लेह-काश्मीरकडं राहून आलेला निघाला की सावळीराम फोटो राहू द्यायचा बाजूला आणि त्याला चहा पाजून बोलतं करायचा. एकजण म्हणाला, बर्फ पांढरा नसतोच, संध्याकाळी जांभळट होतो. जांभळा रंग त्याच आठवड्यात लागला. दुसरा म्हणाला, तिथं बर्फापेक्षा मोठी असते ती शांतता. आता शांतता कशी रंगवणार? बरेच दिवस विचार करून त्यानं आभाळात काढलेले सगळे पक्षी पुसून टाकले. आणि खरंच, पडदा गप्प झाला.

स्टुडिओच्या खोलीला खिडकी नव्हती. दोन दिवे, त्यातल्या एकावर निळा जिलेटीन कागद. जमिनीवर गादीवाल्याकडून आणलेला कापूस अंथरायचा, म्हणजे पडद्याची कड दिसत नाही, आणि बाजूनं टेबलफॅन. कड दिसू द्यायची नाही हा त्याचा धर्म होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो दार लोटून, दिवे लावून पडद्यासमोर स्टुलावर बसायचा. थोड्या वेळानं बोळातले भोंगे ऐकू येईनासे व्हायचे. पायवाटेवरून तो चालायला लागायचा, वळणापलीकडं जायचा. तिथं काय होतं ते त्यानं लताबाईलाही कधी सांगितलं नाही.

लताबाई एकदाच म्हणाली होती, "ह्या पडद्याला ऊन तेवढं दाखवू नका. ऊन लागलं की त्याचं कापड होईल." ती थट्टेत बोलली, पण ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

तर झालं असं, की शहाण्णवच्या उन्हाळ्यात शेजारच्या जयराम कारकुनाची शुभांगी दाखवायचा फोटो काढायला आली. स्थळ विंचूरचं होतं. मुलगा ज्ञानेश, शाळेत मास्तर. एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि शुभांगीच्या मनात तो भरला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण कॅमेऱ्यासमोर चेहरा काही लपवत नाही. दाखवायच्या फोटोची रीत ठरलेली: साडी, स्टुलावर हात, पायांपर्यंत अख्खी मुलगी, म्हणजे उंची कळते. तसा त्यानं काढला. मग शुभांगी म्हणाली, "काका, एक माझ्यासाठी. बर्फात." त्यानं तिला स्टुडिओतला स्वेटर घातला, मफलर दिला, कापूस अंथरला, पंखा लावला. आयुष्यात इतका चांगला फोटो त्याच्या हातून उतरला नव्हता. केस उडताहेत, नाकाचा शेंडा गारठल्यासारखा, आणि डोळे वळणापलीकडं.

स्टुलाच्या फोटोत पोरीचे डोळे मिटले होते. जयराम भोळा माणूस. त्यानं दोन्ही फोटो पाहिले आणि चांगला दिसतो तो पाकिटात घालून विंचूरला पाठवून दिला.

आठ दिवसांनी मध्यस्थ आला तो तोंड पाडून. विंचूरच्या त्या घरात शब्द चालायचा ज्ञानेशच्या आईचा, भागुबाईचा, आणि भागुबाईनं विचारलं होतं, पोरगी काश्मीरला गेली कधी, आणि कुणासंगं? तिथं फोटो काढणारा कोण होता? जयरामनं पोटतिडकीनं सांगितलं की तो पडदा आहे, पोरगी नाशिक सोडून कुठं गेलेली नाही. त्यावर परत निरोप आला: आम्ही काय कुकुलं बाळ हाय का? असा कुठं पडदा असतो? एक तर पोरगी फिरस्ती, वर बाप खोटारडा.

शुभांगी स्टुडिओत आली. डोळे रडून सुजले होते. "काका," ती म्हणाली, "तुम्ही फोटो इतका चांगला काढायला नको होता."

सावळीरामला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. त्याला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्या अभिमानाची लाजही वाटली.

भागुबाईंना इथं आणून पडदा दाखवावा, असा निरोप गेला. उत्तर आलं, फोटोच पसंत नसताना मुलाकडच्यांनी मुलीच्या गावाला खेटे घालायची रीत आमच्यात नाय. मग उरलं काय? पडद्यानंच विंचूरला जायचं. सावळीरामनं दोन दिवस गिऱ्हाईक घेतलं नाही. पडद्यासमोर दिवे लावून नुसता बसून राहिला. त्याच्या आयुष्यात दूरची जागा एवढी एकच होती आणि ती उन्हात नेली की संपणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी लताबाई आत आली.

"मी म्हटलं होतं ना, ऊन दाखवू नका?" ती म्हणाली. "ते माझं बोलणं मी परत घेते. पोरीचा जन्म आहे."

त्यानं पडद्याच्या वरच्या दोऱ्या सोडल्या.

बांबूला गुंडाळलेला पडदा एस.टी.च्या टपावर चढला, आत जयराम आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला सावळीराम. निफाड गेलं, पुढं उन्हात तापलेली रानं. इतकी वर्षं आपण पडद्यातून फिरलो, आज पडदा आपल्याला फिरवतोय, असं त्याच्या मनात आलं. पण हसू काही आलं नाही.

भागुबाईच्या कांदे साठवायच्या चाळीवर, भर दुपारी, दोघांनी पडदा टांगला. आणि लताबाई म्हणाली होती तसंच झालं. उन्हात ते निव्वळ कापड होतं. शिवण दिसत होती, गेल्या पावसातला ओघळ दिसत होता, देवदार म्हणजे ब्रशचे फटकारे. पायवाट दोन हातांवर जाऊन संपत होती. वळणापलीकडं मांजरपाट, आणि त्याच्यामागं कांदे. गोळा झालेली माणसं खदाखदा हसायला लागली. जयरामच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. सावळीरामला मात्र जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आपण इतकी वर्षं ह्याच्यासमोर बसत होतो?

भागुबाई पुढं आली. उंच, काटक बाई. तिनं फोटो पडद्याशेजारी धरला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग सगळ्यात उंच डोंगरावर अंगठा घासला. अंगठा पांढरा झाला.

"ह्यो तर चुना," ती म्हणाली.

"पांढरा रंग संपला होता," सावळीराम खाली बघत म्हणाला.

"मला वाटलं तुमी आमाला चुना लावताय. तुमी तर डोंगराला लावला." पुन्हा हशा झाला, आणि ती जयरामकडं वळली. "पावनं, चूक झाली माझी. पोरगी आमाला पसंत हाय. चहा ठेवा रं कुणीतरी."

मागं दाराशी उभा असलेला ज्ञानेश मास्तर एकदम आत पळाला. चहा ठेवायलाच गेला असावा.

काम फत्ते झालं. माणसं पांगली, जयराम ओट्यावर सोयऱ्यांत जाऊन बसला. सावळीराम एकटाच पडद्याच्या दोऱ्या सोडायला लागला. पोरीचं भलं झालं ह्याचा त्याला आनंद होता, अगदी मनापासून होता, आणि तरी छातीत काहीतरी रिकामं झालं होतं. घरी गेल्यावर हा पडदा पुन्हा टांगायचा कशाला, हेच त्याला कळेना.

"फोटोवाले." मागं भागुबाई उभी होती. "तुमी गेलता का तिथं?"

"नाही मावशी. इगतपुरी-मनमाडच्या पुढं गेलो नाही कधी."

"मंग हे काढलं कशावरनं?"

"जाऊन आलेल्यांकडून ऐकून."

तिनं पडद्यावरच्या वाटेवरून बोट फिरवलं. "मी बी कुठं गेले नाय," ती म्हणाली. "लासलगाव, येवला, अन् एकदा वणीला देवीला. कांदा काढायचा, भरायचा, पुन्यांदा लावायचा. पोरीचा फोटो आला तवा मी दोन दिस त्येच बघत होते. लय राग आला बगा. माझा आपला अर्धा जन्म गेला अन् ही कालची पोर जाऊन आली." थांबून तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "माझा एक काढता का? तिथं?"

सावळीरामनं सोडलेली दोरी पुन्हा बांधली.  कापूस नव्हता, पंखा नव्हता, निळा दिवा नव्हता. वर ऊन नुसतं ओकत होतं. तो गुडघ्यावर बसला आणि पडद्याच्या चारी कडा चौकटीबाहेर जातील असा कॅमेरा धरला.

"कुठं बगू?" भागुबाईनं विचारलं.

"त्या वाटेच्या वळणाकडं. मान थोडी वळवा."

तिनं मान वळवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पदर डोक्यावरून ओढून तिनं दोन्ही कान घट्ट झाकून घेतले आणि हात काखेत घालून अंग आवळून उभी राहिली.

"काय झालं मावशी?"

"आवो, थंडी असंल ना तिथं," ती म्हणाली.

सावळीरामनं कॅमेऱ्यातून पाहिलं. ना शिवण दिसत होती, ना ओघळ. चुन्याचा डोंगर जांभळट झाला होता, आणि पायवाट एका बाईच्या खांद्यामागून निघून वळणापलीकडं गेली होती. त्यानं कॅमेरा क्षणभर खाली घेतला, विंचूरच्या त्या मे महिन्याच्या दुपारी आपल्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं, आणि मग फोटो काढला.